लेव्हच्या धक्क्यावरून

माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीच्या पोटातून क्रेनने उचललेली खेप धक्क्यावर टेकली की तिच्यात पोती किती, पेट्या किती हे मोजायचं आणि वहीत रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी तिरपी. रात्रपाळी करून ते घरी येत तेव्हा खिशात पेन्सिलीचा तुकडा असे आणि शर्टाला कधी खजुराचा, कधी गंधकाचा वास. माल म्हणजे काय हे मला त्या वासांवरून कळलं. म्हणूनच पुढे एका संगणकाच्या पडद्यावर अन्नधान्य, कापड, दारू, यंत्रं, कातडी, सोनं अशी यादी उमटली आणि प्रत्येकासमोर भाव दिसला, तेव्हा मी कुठल्याशा ओळखीच्या जागी आलोय असं वाटलं.

त्या खेळाचं नाव ‘एलिट’. हे पुस्तक त्याच्याविषयी आहे.

ज्यांनी तो कधीच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही कमांडर जेमसन असता. लेव्ह नावाच्या ग्रहाभोवती घिरट्या घालणाऱ्या एका अवकाशस्थानकात तुमचं यान उभं असतं. यानाचं नाव कोब्रा मार्क थ्री. गाठीला 100 क्रेडिट, यानाच्या नाकाशी एक साधी लेझर, तीन क्षेपणास्त्रं, टाकीत 7 प्रकाशवर्षं पुरेल एवढं इंधन आणि 20 टन माल मावेल एवढी रिकामी जागा. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. माल घ्या, दुसऱ्या ग्रहावर न्या, विका. वाटेत लुटारू आडवे येतील, त्यांच्याशी लढा किंवा पळा. स्वतः लुटारू व्हायचं असेल तर तेही होता येतं. पाडलेल्या यानांच्या हिशेबाने तुमचा दर्जा चढत जातो. सुरुवातीला तुम्ही ‘निरुपद्रवी’, आणि 6400 यानं पाडल्यावर ‘एलिट’. त्या दर्जाला पोचल्यावरही खेळ संपत नाही.

हे सगळं 1984 साली, नुसत्या रेषांनी काढलेल्या यानांतून.

त्या काळातले खेळ कसे होते ते आठवून पाहा. दुकानातल्या यंत्रात नाणं टाकायचं, तीन जीव मिळायचे, गुण वाढत जायचे आणि काही मिनिटांत सगळं आटोपायचं, कारण ते आटोपलं तरच पुढचं नाणं पडणार. खेळाचा हा आकार दुकानदाराच्या गल्ल्याने ठरवलेला होता. घरच्या संगणकासाठी खेळ लिहिले जाऊ लागले तेव्हा तिथे ना नाणं होतं ना दुकानदार. तरी आकार तोच राहिला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांना तो खटकला. इयन बेल गणिताचा विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन निसर्गविज्ञानाचा. 1982 पासून दोघांनी मिळून या खेळावर काम सुरू केलं. त्रिमितीत वळणारी, गिरक्या घेणारी यानं पडद्यावर आली, लढाई जमली. पण नुसती लढाई थोड्या वेळाने शिळी वाटू लागली. समोरचं यान पाडायचं ते कशासाठी? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना पैसा आला. पैशाने यानात सुधारणा करायची कल्पना आली. मग पैसा मिळवायचा कसा, म्हणून व्यापार आला. खेळाच्या जन्माचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते त्यात आहे. या खेळातल्या लढाईला वजन येतं ते यानाच्या पोटात माल असतो म्हणून.

दोघांनी हा खेळ आधी थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीला दाखवला. त्यांना गुण हवे होते, तीन जीव हवे होते, खेळ दहाएक मिनिटांत संपायला हवा होता. मग तो अ‍ॅकॉर्नसॉफ्टकडे गेला. बीबीसी मायक्रो हा संगणक बनवणाऱ्या अ‍ॅकॉर्न कंपनीची ही प्रकाशन शाखा. तिथल्या डेव्हिड जॉन्सन-डेव्हिस यांनी खेळ घेतला, आणि 20 सप्टेंबर 1984 रोजी लंडनजवळच्या थॉर्प पार्क या करमणुकीच्या बागेत तो प्रसिद्ध झाला. खोक्यात नुसती कॅसेट किंवा फ्लॉपी नव्हती. यान चालवायला शिकवणारी पुस्तिका होती, यानं ओळखायचा तक्ता होता, आणि रॉबर्ट होल्डस्टॉक या लेखकाने खास या खेळासाठी लिहिलेली ‘द डार्क व्हील’ नावाची छोटी कादंबरी होती. पडद्यावर जे दाखवता येत नव्हतं ते कागदावर दिलं होतं.

इथे माझी स्वतःची एक आठवण सांगायला हवी. त्याच सुमाराला, 1984-85 मध्ये, भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या निवडक शाळांना संगणक मिळाले. ते संगणक बीबीसी मायक्रोच होते. आमच्या शाळेतही आले. खोलीला पडदे लागले, चपला बाहेर काढायचा नियम झाला, यंत्रांवर प्लास्टिकची आच्छादनं घातली गेली. पंधरा दिवसांतून एकदा पाळी यायची आणि एका यंत्रापुढे तिघं बसायचे. मी त्यावर पाढे छापणारा बेसिकमधला कार्यक्रम लिहिला होता, आणि सत्तावीसचा पाढा भराभर खाली उतरताना पाहून आम्ही तिघंही गप्प झालो होतो. काळ्या कीबोर्डावरच्या वरच्या ओळीतल्या लाल कळा मला आजही डोळ्यांपुढे दिसतात. त्याच वर्षी, त्याच यंत्रासाठी, सातासमुद्रापलीकडे एक अख्खं आकाश लिहून तयार झालं होतं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. ज्या खोलीला कुलूप होतं तिथल्या त्या पेटीत ते मावलं असतं, ही गोष्ट कळल्यापासून मला स्वस्थ बसवलेलं नाही.

‘एलिट’ मी प्रथम खेळलो तो 1992 साली, मित्राच्या काकांच्या डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिकांचं काम संपलं की रात्री पीसी आमच्या ताब्यात यायचा. मूळची बीबीसी मायक्रोवरची आवृत्ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर पाहायला मिळाली. या पुस्तकात मी जिथे जिथे आकडे दिले आहेत ते त्या मूळ आवृत्तीचे आहेत.

आता ते आकाश त्या पेटीत मावलं कसं, ते सांगतो. हा भाग वाचताना घाई करू नये अशी माझी विनंती आहे.

बीबीसी मायक्रोची स्मृती 32 किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याच्या शंभरपट जागा सहज घेतो. त्या 32 मधून पडद्याची आणि यंत्रणेची जागा वजा केली की खेळासाठी उरतात 22 किलोबाइटच्या आसपास. एवढ्यात यानं, त्यांचे कोन, लढाई, बाजार, नकाशे, सगळं बसवायचं. आणि वर 8 आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे एकूण 2048 ग्रह. प्रत्येकाला नाव, जागा, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, लोकसंख्या. हे साठवून ठेवायला जागा नव्हती, म्हणून साठवलंच नाही.

बेल आणि ब्रेबन यांनी तीन आकडे घेतले, प्रत्येक 16 बिटांचा. हे तीन मिळून ग्रहाचं ‘बीज’. तिघांची बेरीज केली की चौथा आकडा मिळतो. मग पहिला टाकून द्यायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचं आणि पुन्हा तेच. बेरीज 65,535 च्या वर गेली तर हातचा सोडून द्यायचा. हातचा सोडायचा या एवढ्याशा नियमाने आकडे असे काही उलटेपालटे होतात की त्यांच्यात क्रम शोधूनही सापडत नाही. ही फिरवाफिरव चार वेळा झाली की पुढच्या ग्रहाचं बीज तयार. त्या बीजातले अमुक तीन बिट म्हणजे राज्यपद्धती, तमुक तीन बिट म्हणजे अर्थव्यवस्था. आणखी काही बिट घेऊन अक्षरांच्या जोड्यांच्या तक्त्यात पाहायचं, की नाव मिळतं. ला आणि व्हे या जोड्या लागून आल्या की लेव्ह. डी आणि सो आल्या की डिसो. झा, ऑन, से अशा तीन आल्या की झाओन्स. रीडक्वाट हे दणकट नाव चार जोड्यांचं.

आकाशगंगा बदलायची तर मूळ बीजातला प्रत्येक बाइट एक घर डावीकडे फिरवायचा, एका टोकाला पडलेला बिट दुसऱ्या टोकाला लावायचा. बाइटमध्ये बिट आठ. आठ वेळा फिरवला की तो मूळच्या जागी येतो. आकाशगंगा आठच का, याचं उत्तर एवढंच आहे. दर वेळी 5000 क्रेडिट मोजून आकाशगंगा ओलांडणारं यंत्र घ्यावं, एकेक करत आठ उड्या माराव्यात, तर आपण पुन्हा पहिल्या आकाशगंगेत येतो. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

त्या दोघांना मुळात कितीतरी जास्त आकाशगंगा ठेवायच्या होत्या. 48 बिटांच्या बीजातून 281 लाख कोटींहून जास्त निघू शकतात. अ‍ॅकॉर्नसॉफ्टने त्यांना अडवलं, आणि मला वाटतं योग्यच केलं. इतक्या मोठ्या आकड्यापुढे माणसाला जागेची ओढ वाटत नाही. 256 ग्रहांच्या नकाशात मात्र एखादा कोपरा आपला होतो, तिथल्या चार बाजारांचे भाव तोंडपाठ होतात. शिवाय यातली एक अडचण ध्यानात घ्या. नियमातून निघालेल्या जगात एकच ग्रह बदलता येत नाही. पडताळून पाहताना एका आकाशगंगेतल्या एका ग्रहाचं नाव इंग्रजीत असभ्य शब्द बनून आलं, तेव्हा ती अख्खी आकाशगंगा टाकून दुसरं बीज घ्यावं लागलं.

या सगळ्यात नशिबाचा भाग कुठेही नाही. लेव्ह प्रत्येक वेळी लेव्हच असतो. शेतीप्रधान आणि श्रीमंत, हुकूमशाहीखाली, लोकसंख्या 2.5 अब्ज, विस्तीर्ण पावसाळी जंगलांसाठी प्रसिद्ध. लीड्समधल्या मुलाचा लेव्ह आणि डीटीपीच्या दुकानातला आमचा लेव्ह एकच. त्यामुळे खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलता आलं. रीडक्वाटला गेलास तर सांभाळ, तिथे अराजक आहे, असं एकाने दुसऱ्याला सांगावं आणि ते खरं निघावं. कुठेही लिहून न ठेवलेला, पण सगळ्यांना सामाईक असा भूगोल तयार झाला.

आता बाजार. 17 प्रकारचा माल आहे, आणि भावाचं गणित साधं आहे. शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त, संगणक महाग. कारखान्यांच्या ग्रहावर उलट. लेव्हवर अन्नधान्याचा भाव टनाला 4 क्रेडिटच्या आसपास असतो. 20 टन घेतलं की गाठीच्या 100 पैकी बहुतेक रक्कम गेली. इंधन प्रकाशवर्षाला 2 क्रेडिट. झाओन्सला पोचलात तर तेच धान्य 7 क्रेडिटच्या आसपास जातं. म्हणजे पहिल्या खेपेला साठेक क्रेडिट सुटतात. झाओन्सला संगणक सत्तरच्या आत मिळतो आणि लेव्हवर नव्वदच्या आसपास खपतो, पण पहिल्या खेपेनंतर तुम्हाला त्यातले दोनच टन परवडतात. दोन टन घेऊन परत या. मग चार. मग सहा. 400 क्रेडिट साठले की मालाची जागा 20 टनांवरून 35 टनांवर नेता येते, आणि इथे प्रत्येक नवा खेळाडू अडतो. जागा वाढवावी, की 1000 क्रेडिट साठेपर्यंत थांबून चांगली लेझर घ्यावी? की 600 ची क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा? भांडवल माल घेण्यात गुंतवायचं की माल राखण्यात? आठवडा बाजारात पहिल्यांदा पथारी टाकणारा माणूसही रात्री याच हिशेबात जागतो.

राज्यपद्धतीवरून वाटेतला धोका ठरतो. बलाढ्य कंपन्यांचं राज्य किंवा लोकशाही असलेल्या ग्रहांभोवती लुटारू विरळा. अराजकाच्या ग्रहांभोवती ते टोळीने असतात. प्रकाशवर्षांची उडी मारून तुम्ही ग्रहापासून दूर कुठेतरी बाहेर पडता, आणि स्थानकापर्यंतची वाट स्वतः चालवत कापावी लागते. आजूबाजूला कुणी नसेल तर मोठ्या झेपा घेता येतात. कुणी असेल तर झेप लागत नाही. म्हणजे वाटेत झेप लागली नाही तर बहुधा जवळ कुणीतरी आहे. पडद्याच्या तळाशी लंबवर्तुळ आहे, तेच तुमचं रडार. त्याच्यावर एक ठिपका आणि ठिपक्याला जोडलेली छोटी उभी रेघ दिसते. रेघ वर गेली तर यान तुमच्या पातळीच्या वर, खाली उतरली तर खाली. सपाट पडद्यावर पूर्ण अवकाश वाचता यावं म्हणून काढलेली ही युक्ती इतकी नेमकी आहे की पुढच्या अनेक खेळांनी ती जशीच्या तशी घेतली.

मग यान जवळ येतं. पोलिसांच्या यानांचं नाव व्हायपर, म्हणजे आपली घोणस आणि फुरसं ज्या कुळातली त्या कुळाचं. इतर यानांनाही बहुतेक सापांचीच नावं आहेत: कोब्रा, पायथन, मांबा, साइडवाइंडर. त्यांत एक क्रेट आहे. हा शब्द इंग्रजांनी हिंदीतल्या ‘करैत’वरून घेतला, म्हणजे ती आपली मण्यार. पडद्यावर ती पांढऱ्या रेषांची असते. कोब्राची आकृती 28 बिंदू आणि 38 रेषांची, पण जी बाजू आपल्याकडून दिसणार नाही तिच्या रेषा काढलेल्या नसतात. त्यामुळे ती तारांचा पिंजरा न वाटता भरीव वाटते. 2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्राला हे चालत्या खेळात, डोळ्यादेखत करावं लागत होतं.

आणि या लढाईत घाम का फुटतो? कारण ‘एलिट’मध्ये तीन जीव नाहीत. आपली प्रगती जपून ठेवायची सोय फक्त स्थानकात उभं असताना आहे. मध्ये यान फुटलं तर मागच्या स्थानकानंतरचं सगळं गेलं. 35 टन संगणक घेऊन निघालेल्या माणसाला मण्यारीची पहिली लेझर लागते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकेक खेप उभी राहते. बचावपेटीत बसून सुटका करून घेता येते, ती 1000 क्रेडिटला मिळते, पण माल मागे राहतो. रिकाम्या यानाने लढणारा आणि भरल्या यानाने लढणारा, दोघांची बोटं कळांवर वेगळी पडतात. माझे वडील सांगत, गोदीतला माणूस बोटीकडे बघून ती भरलेली की रिकामी ते पाण्याच्या रेषेवरून ओळखतो. खेळाडूला आपलं यान किती भरलंय ते मनगटात जाणवतं.

मुंबईला माल आणि दारूगोळा एकाच पोटात असण्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत उडालेल्या फोर्ट स्टिकीन बोटीत कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि स्फोटकं होती. वडिलांच्या आधीच्या पिढीतली माणसं त्या दिवसाविषयी बोलत तेव्हा आवाज खाली आणत. व्यापाराचा इतिहास आणि लढायांचा इतिहास शाळेत वेगवेगळ्या धड्यांत येतो. समुद्रावर तो एकाच बोटीत होता. केंब्रिजच्या त्या दोन मुलांनी अवकाशात तो पुन्हा एकाच यानात आणला.

लढाईइतकंच अवघड काम त्यानंतर येतं, यान स्थानकाला लावण्याचं. स्थानकाला एकच आडवी फट, आणि स्थानक सारखं गरगर फिरत असतं. फटीच्या बरोबर समोर यायचं, वेग कमी करायचा, आणि स्थानकाच्या गतीने स्वतः फिरत फिरत आत शिरायचं. तुमच्या यानाला डावी-उजवीकडे सरळ वळता येत नाही, फक्त कलंडता येतं आणि नाक वर-खाली करता येतं. थोडी चूक झाली की यान फुटलं, सगळ्या मालासकट. 1500 क्रेडिटला हे काम करून देणारं यंत्र मिळतं, आणि कमोडोर 64 वरच्या आवृत्तीत ते चालू असताना स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ वाजतं. मी ते यंत्र फार उशिरा घेतलं. लहानपणी एकदा वडिलांनी मला इंदिरा गोदीच्या लॉकगेटपाशी नेलं होतं. एक भलीमोठी बोट दोन भिंतींच्या मधून आत सरकत होती, बाजूला हातभर अंतर असेल असं वाटत होतं, आणि एवढ्या माणसांत कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. फटीसमोर यान आणताना मला अजून ती शांतता ऐकू येते.

या खेळावर माझं प्रेम असलं तरी एक उणीव सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. निवृत्तीनंतर एकदा वडील माझ्या शेजारी बसून खेळ पाहत होते. मी माल विकला, आकडे बदलले, नवा माल घेतला, आकडे पुन्हा बदलले. त्यांनी विचारलं, “अरे, पण हा उतरवला कुणी? मोजला कुणी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन हजार ग्रहांच्या या जगात हमाल नाही, टॅली क्लार्क नाही, क्रेनवाला नाही. एकही चेहरा नाही. 22 किलोबाइटमध्ये चेहरे बसणं शक्य नव्हतं हे मला समजतं. तरी मालाच्या त्याच यादीत, कापड आणि दारूच्या मध्येच, टनाच्या भावाने ‘गुलाम’ हाही माल आहे, आणि तो एक आकडा होऊन येतो. कायदा आहे: गुलाम, अमली पदार्थ किंवा बंदुका भरून स्थानकाबाहेर पडलात तर तुमची नोंद गुन्हेगार म्हणून होते आणि पोलीस तुमच्या मागे लागू शकतात. पण पकडलं गेलं नाही तर नफा आहे. मी तो माल कधी भरला नाही. खेळ मला अडवत नव्हता, म्हणून नकार माझा मला द्यावा लागला. या पुस्तकातल्या व्यापाराच्या प्रकरणात त्या मालाचे भाव दिलेले नाहीत.

पुढचा इतिहास मी इथे धावताच सांगतो, त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. खेळ त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या घरगुती संगणकांवर गेला. 1993 साली ब्रेबन यांनी ‘फ्रंटियर’ काढला, त्यात ग्रहांवर उतरता येऊ लागलं. 2014 च्या डिसेंबरात ‘एलिट डेंजरस’ आला, आपल्या आकाशगंगेएवढा, 40,000 कोटी ताऱ्यांचा, आणि तोही नियमातूनच उभा केलेला. आज पुण्यातली, नागपूरची, न्यू जर्सीतली मराठी मुलं तो खेळतात आणि फिरत्या स्थानकाच्या फटीत यान घालताना त्यांचाही श्वास अडकतो. ब्रेबन पुढे रास्पबेरी पाय या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. मुलांच्या हातात स्वस्त संगणक द्यावा आणि तो त्यांनी उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून पाहावा, हा त्या कामामागचा विचार. कुलूप लावलेल्या खोलीबाहेर चपला काढून उभ्या राहिलेल्या पिढीतल्या माणसाला त्याचं मोल जरा जास्त वाटतं. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या अ‍ॅकॉर्नमध्येच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पहिला एआरएम प्रोसेसर घडवला, आणि त्याचा वंशज आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

राहता राहिली भाषा. या खेळाविषयी मराठीत लिहायला बसलो तेव्हा शब्दांची अडचण येईल असं वाटलं होतं. ती फारशी आली नाही. कोकणच्या बंदरांनी आणि मुंबईच्या गोदीने बरेच शब्द आधीच तयार ठेवले होते: धक्का, खेप, भाडं, भरणी, नांगर. म्हणून यान इथे ‘धक्क्याला लागतं’ आणि ‘धक्का सोडतं’. लेझर, रडार, क्रेडिट हे शब्द जसेच्या तसे ठेवले. ग्रहांची नावं मात्र मी जशी उच्चारत आलो तशी लिहिली आहेत. ती आकड्यांतून जन्मलेली नावं आहेत, त्यांना कुणाचीच मातृभाषा नाही, त्यामुळे तुम्ही वेगळी उच्चारलीत तरी चालेल.

पुस्तक वाचायच्या आधी एम्युलेटर लावून एक खेप करून यावी असं मी सुचवेन. लेव्हच्या बाजारात 20 टन अन्नधान्य घ्या. टाकी भरलेली आहे का ते पाहा. नकाशात झाओन्स शोधा, खूण त्याच्यावर ठेवा आणि धक्का सोडा. स्थानकाबाहेर आल्यावर लगेच उडी मारू नका. समोर दिसणारा लेव्हचा गोल एकदा पाहून घ्या. झाओन्सला वाटेत कुणी दिसलंच तर पहिल्या खेपेला लढू नका, माल घेऊन सरळ स्थानकाकडे निघा. फटीपाशी पोचल्यावर काय करायचं ते पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर आहे.